सुपारीच्या गावातली कॅन्सर फेरी

आई, गेल्या महिन्यात आपल्या श्रीवर्धनात कॅन्सरची फेरी निघाली. एसटी स्टँडपासून समुद्रापर्यंत सगळ्यांनी चालत जायचं, तोंडातलं दुखणं अंगावर काढू नका म्हणून वाटेत सांगायचं आणि उपचारांसाठी मुंबईच्या खेपा घालणाऱ्यांसाठी मदत गोळा करायची. शेवटी किनाऱ्यावरच्या मांडवात लोकांची तोंडं डॉक्टर फुकट तपासणार होते. तुला जाऊन आता बावीस वर्षं होतील. तेव्हा या रोगाचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणायची. आता त्याच्या नावाच्या टोप्या छापून घेतात. तुला हसू आलं असतं, आणि हसताना तू पदर तोंडावर धरला असतास.

नोकरी संपवून मी गावातल्या घरी राहायला आलो आहे. वर्तमानपत्रातला माणूस म्हणून फेरीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळा कारभार आपल्या पाखाडीतल्या आशा सेविकेच्या हातात. पस्तिशीची बाई, खांद्याला पिशवी, समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला पुढचं काम सांगून मोकळी होणारी. तिच्याबरोबर बचत गटाच्या दहा-बारा बाया, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक बागायतदार. मांडव, पाणी, टेम्पो हे सगळं बागायतदारांनी आपल्याकडून देऊ केलं होतं.

मुख्याध्यापकांच्या अंगणात बैठक होती. तपासणीला येणारे डॉक्टरही आले होते. चहा झाला आणि गटातली एक बाई रीतीप्रमाणे तबक घेऊन पुढे आली. तबकात बडीशेप आणि घरच्या बागेतली कातरलेली सुपारी. डॉक्टरांनी एकदा तबकाकडे पाहिलं, एकदा भिंतीला टेकवून ठेवलेल्या फलकांकडे पाहिलं.

“ही तपासायला दिलीत की खायला?”

बाया हसत सुटल्या. तबकवाली लाजली. “अवो, पाव्हण्याला सुपारी न देता कसा पाठवायचा? पद्धत हाय ना आपली.”

“पद्धत हाय म्हणूनच फेरी हाय,” आशा सेविका म्हणाली. “ठेव ते आत. आणि तुझा गाल कशानं फुगलाय गं? थुंकून ये आधी.”

मग मी पत्रक वाचून दाखवलं. तंबाखू, गुटखा, मशेरी आणि इतर घातक सवयी, असं मी लिहिलं होतं. सेविकेनं मला मध्येच थांबवलं. “सर, सुपारी कुठं गेली?” मी काही बोलायच्या आत बागायतदार म्हणाले, “सुपारीवर गाव जगतंय, ताई. तंबाखूचं नाव पुरे.” मी समजुतीच्या सुरात म्हटलं की ‘इतर’मध्ये सुपारी येतेच. तीस वर्षं मी अशीच वाक्यं करत आलो. कुणालाही लागणार नाहीत, कुणाचा फोन येणार नाही, आणि वेळेत पानात बसतील. सेविका म्हणाली, “बाया सुपारी खातात, सर. ‘इतर’ कोण खातं?” शेवटी सुपारी पत्रकात आली. बागायतदारांनी पाच मिनिटं तोंड फिरवलं, पण मांडव काढून घेतला नाही.

उठता उठता सेविकेनं आणखी एक ठरवलं. ज्याच्या घरातलं माणूस या रोगानं गेलं असेल, त्यानं त्या माणसाचं नाव कागदावर लिहून छातीला लावायचं. वहीत नावं लिहून घेत ती माझ्यापाशी आली. “सर, तुमच्या घरात कुणी?”

मी म्हटलं, “नाही.”

विचार करावाच लागला नाही, इतकं ते तोंडात बसलेलं आहे.

त्या रात्रीपासून मला आपलं स्वयंपाकघर आठवतंय. चुलीच्या बाजूला मशेरीचा वेगळा काळा तवा. तंबाखू भाजली जाते, ठसका बसतो, मी पुस्तक घेऊन बाहेर पळतो आणि तू आतून ओरडतेस, “अभ्यास टाळायला बरा सापडलाय ठसका!” मशेरी लावून झाली की तू घरापुढच्या खळ्यात येतेस. भिंतीपलीकडच्या मावशी आधीच येऊन बसलेल्या असतात. दोघींच्या मध्ये सुपारीचा ढीग, हातात सोलायची पाती. मावशी म्हणतात, “तुजं तोंड चालतंय तेवढा हात चालला असता तर ढीग कवाच संपला असता.” तू म्हणतेस, “माज्या हाताकडं बघून तुजा थांबलाय.” सोलता सोलता एखादं खांड तुमच्या दोघींच्याही गालात जातं. दिवसभर ते तिथंच असतं. ते खाणं आहे असं कुणाला वाटतच नाही.

एक दिवस मात्र मला नको असताना आठवतो. माझी नोकरी माणगावच्या कार्यालयात होती आणि तू कधीच तिथं आली नव्हतीस. त्या दिवशी दुपारी बाराला आलीस, एकटी, एसटीनं, फडक्यात भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून. मी तुला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, पेपरचं पान लावायचंय, थांब जरा. नेमके मुंबईचे संपादक आले होते. त्यांनी काचेतून पाहून विचारलं, “बाहेर कोण बसलंय?” मी म्हटलं, “गावाकडच्या आहेत कुणी.” तुझे दात मशेरीनं काळे होते, आई. दुसरं काही कारण नव्हतं. पान चार वाजता गेलं. मी साडेपाचला बाहेर आलो, संपादकांची गाडी निघून गेल्यावर. तू उठून उभी राहिलीस, स्वतःच्या गालावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “काय न्हाय रे, सहज आलेली. तुजं काम चालू दे.” मी तुला गाडीत बसवून दिलं आणि सुटलो असं वाटलं. घरात बोलायला जमेना म्हणून तू मला गालातली जखम दाखवायला आली होतीस, हे मला आठ महिन्यांनी कळलं. तोवर तुझं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, “आधी का नाही आणलं?” तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. तू त्यांना काही सांगितलं नाहीस, आणि मीही नाही.

नंतरचे महिने मी तुला आतल्या खोलीत ठेवलं. चेहरा बदलला होता, जखमेला वास येत होता. लोक म्हणतील हा रोग लागतो, आपल्या घरचं पाणी कुणी पिणार नाही, बहिणीचं लग्न ठरायचं आहे, अशी माझ्याकडे कारणांची रांग होती. दारात कुणी आलं की मी म्हणायचो, ताप आहे, झोपलीय. बोलता येईना तेव्हा तू माझी जुनी पाटी मागून घेतलीस. चौथीपर्यंतचं तुझं अक्षर. पाणी. उशी. दार लाव. आणि एकदा, भिंतीपलीकडे बोट करून, “तिला बोलाव.” मी म्हटलं, बोलावतो. दोन दिवसांनी तू पुन्हा तेच लिहिलंस. मी पाटी पुसून ठेवली.

तू गेलीस तेव्हा बातमीही मीच लिहिली. अल्पशा आजाराने निधन. चौदा महिन्यांना अल्पसा म्हणताना माझा हात थांबला नाही.

फेरीच्या सकाळी मी छातीवर कागद लावला आणि त्यावर लिहिलं, ‘गावासाठी’. पुढे शाळेचं लेझीम पथक, मागे टोप्या घातलेल्या बाया, त्यामागे आम्ही. कुणाच्या छातीवर नवरा होता, कुणाच्या दीर, एकीच्या छातीवर नुसतंच ‘माझी पोर’. चालताना सेविका माझ्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, “सर, तुमच्या शेजारच्या मावशींना तेवढं आज मांडवात नेऊया. गालात पांढरा चट्टा हाय. गणपतीपासून नुसता भात कालवून गिळतायत. मी तीनदा सांगून थकले. तुमचं ऐकतील.”

मावशी ओट्यावर सोलत बसल्या होत्या. आता पंच्याहत्तरी उलटली आहे त्यांची, पण पातं अजून तसंच फिरतं. फेरी त्यांच्या दारात थांबली. सेविका म्हणाली, “चला मावशी, तोंड दाखवायला. दोन मिनिटांचं काम.”

“मला काय धाड भरलीय?” मावशी म्हणाल्या. “तुमी चाला, पाय मोकळे करा. मी जन्मभर सोलली नि जन्मभर खाल्ली. ह्याची आई नि मी एका ढिगावर बसायचो. ती माज्या दुप्पट खायची, वर मशेरी निराळी. तिला झाला काय कॅन्सर? ताप आला नि गेली बिचारी. विचार ह्यालाच. पेपरात पण आलं होतं.”

सेविका माझ्याकडे पाहू लागली. मागच्या बायाही पाहू लागल्या. माझी ती एक ओळ बावीस वर्षं या ओट्यावर बसून होती आणि मावशी तिच्या भरवशावर रोज गालात खांड ठेवत होत्या. मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, खोटं बोललो त्याचं जे काही व्हायचं ते तुझ्या-माझ्यात झालं आणि तुझ्याबरोबर संपलं.

मी म्हटलं, “मावशी, आईला तोच झाला होता.”

“कुठला तोच?”

“कॅन्सर. तोंडाचा. चौदा महिने होती.”

त्यांचं पातं थांबलं. “मी आलेली,” त्या म्हणाल्या. “पेज घेऊन आलेली. तू दारात म्हणालास, झोपलीय.”

“हो.”

“तीनदा आले.”

“हो, मावशी.”

“झोपली होती?”

“नाही. जागी होती. तुम्हाला बोलाव म्हणून तिनं पाटीवर लिहिलं होतं. दोनदा.”

त्यांनी पातं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “होळीच्या आधी विहिरीवर आमचं वाजलेलं. मला वाटलं, तोच राग धरून बसली. मरताना पण तोंड बघू दिलं न्हाय म्हटलं मला. बावीस वर्षं मी तिला मनात शिव्या दिल्या रे, मेल्या.” आणि डोळेही न पुसता त्यांनी तोंडातलं खांड काढलं आणि सालांच्या ढिगावर टाकलं.

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नाही, एवढ्या लोकांत धीर झाला नाही. उठायला हात मात्र त्यांनी माझाच धरला. “चल. डागदर काय बोलतो ते तू नीट ऐकायचं नि मला सगळं सांगायचं. झोपलीय-बिपलीय चालायचं न्हाय.” किनाऱ्यापर्यंत आम्ही दोघं फेरीच्या सगळ्यात मागून चाललो. त्या वाटेत एकदाच बोलल्या. “लई दुखायचं काय रे तिला?” मी हो म्हटलं.

मांडवात डॉक्टरांनी पाहिलं आणि सरकारी दवाखान्यात यायला सांगितलं. तिथं गालातला लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवला. फोन नंबर कुणाचा द्यायचा म्हटल्यावर मावशींनी माझ्याकडे बोट केलं. त्यांचा मुलगा सौदीत असतो, सून कळंबोलीला.

आज सकाळी नऊ वाजता रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. आहे, आई. तेच आहे. पाठोपाठ डॉक्टरांचाही फोन आला. लहान आहे अजून, गळ्यापर्यंत गेलेलं नाही, ऑपरेशननं निघेल, पण वेळ घालवू नका, सोमवारी मुंबईला घेऊन या, असं ते म्हणाले. म्हणजे सांगण्यासारखं चांगलंही आहे त्यात. तुझ्या वेळी एवढंही नव्हतं.

आता एक वाजत आला. मावशी ओट्यावर आहेत, खिडकीतून त्यांची पाठ दिसते. सकाळपासून दोनदा त्यांनी वळून माझ्या दाराकडे पाहिलं. मधे एक भिंत आहे, वळसा घालून गेलं तरी तीस पावलं होत नाहीत. मी कागद घेऊन बसलो तेव्हा मनाची समजूत घातली होती की तुझी क्षमा मागायची राहिली आहे, ती आधी मागावी. हे पत्र कुठं जाणार नाही, ते मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तुला लिहीत बसलो की तिकडे जावं लागत नाही, म्हणून मी चार तास लिहितो आहे.