सरांचे डोळे पाणावले, याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
वेण्णाकाठ विद्यापीठ, सातारा.

अर्जदार : तौसीफ रहिमान शिकलगार, वृत्तलेखक, जनसंपर्क विभाग (मूळ रा. माधवनगर, जि. सांगली)

विषय : न झालेल्या सत्काराची बातमी दुरुस्त करण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. १४ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. अर्जदार गेली सतरा वर्षे विद्यापीठाच्या बातम्या लिहितो. या अर्जात तो स्वतःला 'मी' म्हणत नाही, कारण बातमीत 'मी' नसतो असे त्याला पत्रकारिता विभागाचे निवृत्त प्रा. बिराप्पा कोळेकर यांनी शिकवले. विद्यार्थ्याच्या वहीत कुठे 'गर्दी उसळली', 'अश्रू अनावर झाले' असे दिसले की सर समासात लाल शाईने लिहीत, 'कोणी पाहिलं?' अर्जदाराची एकही वही या शेऱ्यातून सुटली नाही.

२. माजी विद्यार्थी मेळाव्यात सरांचा सत्कार रविवार, दि. २ फेब्रुवारी रोजी सकाळी अकराला ठरला होता. बातमी सोमवारच्या अंकात नक्की यावी म्हणून प्रसिद्धीपत्रक आदल्या संध्याकाळीच पाठवायची जनसंपर्क विभागाची जुनी वहिवाट आहे. त्यानुसार अर्जदाराने शनिवारीच लिहून टाकले, की सत्कार उत्साहात संपन्न झाला आणि विद्यार्थ्यांचे प्रेम पाहून सरांचे डोळे पाणावले. सतरा वर्षे हे खपून गेले. पाहुणे येतात, शाल पडते, आणि कोणा ना कोणाचे डोळे पाणावतातच.

३. रविवारी प्रमुख पाहुण्यांची गाडी खंडाळ्याजवळ घाटात बंद पडली. पाहुण्यांशिवाय कार्यक्रम नको असे ठरले आणि साडेनऊला माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप गेला. त्रेचाळीस जण वाटेतच होते. ते महामार्गावरच्या एका हॉटेलात भेटले, जेवले आणि पांगले. अर्जदार अडकलेल्या पाहुण्यांच्या मदतीला खंडाळ्याकडे धावला, त्या गडबडीत पत्रक मागे घ्यायचे राहिले. सर ग्रुपवर नाहीत, त्यांचा फोन साधा बटणांचा आहे. त्यांना कळवायचे काम अर्जदाराकडे होते. अर्जदार विसरला. हे वाक्य जरा आडवळणाने लिहून पाहिले, पण जमले नाही.

४. सोमवारी बातमी तीन वर्तमानपत्रांत आली. गुरुवारी सरांच्या गावाहून, पलूसहून, टपालाने एक पाकीट आले. आत त्या बातमीचे कात्रण होते आणि समासात लाल शाई होती : 'कोणी पाहिलं?' बाकी एक अक्षर नव्हते.

५. अर्जदाराने त्याच दिवशी सत्कारासाठी सभागृह पुन्हा मागितले. कार्यक्रम कक्षाने कळवले, की सदर सत्कार संपन्न झाल्याचे कात्रण वार्षिक अहवालाच्या फाइलला लागले असून एकाच व्यक्तीचा त्याच कारणाने दुसऱ्यांदा सत्कार करता येत नाही. मग बातमी तरी दुरुस्त करू द्यावी अशी विनंती केली. त्यावर उत्तर आले, की दुरुस्तीतली प्रत्येक बाब बातमी लिहिणाऱ्याने स्वतः हजर राहून पाहिलेली असावी लागते. अर्जदार हजर नव्हता, तसे त्याने लिहून दिले. त्यावर आपली नोटीस आली : विद्यापीठाच्या संपन्न झालेल्या कार्यक्रमास अर्जदार गैरहजर का राहिला? आता कार्यक्रम झाला म्हणावे तर गैरहजेरी लागते, झाला नाही म्हणावे तर खोटी बातमी लिहिल्याची कबुली होते. अर्जदाराने दोन्ही उत्तरे टाइप करून पाहिली. दोन्हींत तोच सापडतो.

६. शेवटी काल, रविवारी, अर्जदार पलूसला गेला. इतके दिवस तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. सरांच्या पत्नी हरणाबाई दारातच भेटल्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे : "नवा सदरा घालून सकाळच्या गाडीनं गेलं. दोन तास पायरीवर बसलं, कुलपाकडं बघत. सांजच्याला माघारी आलं, जेवलं बी न्हाईत. आन् तू लिवलंयस, डोळं पाणावलं म्हणून."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी चहा मागवला आणि पत्रकातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. अर्जदाराने सत्काराची गोष्ट काढली तेव्हा म्हणाले, "शालीचं ऱ्हाऊ दे. आदी दुरुस्ती छाप. त्याच पानावर, त्याच टायपात." मग त्यांनी विचारले, "पोरं आलती का रं?"

अर्जदाराने त्रेचाळीस जणांची नावे गावांसह सांगितली. कोण नागपूरहून निघाले होते, कोण रजा टाकून आले होते, तेही सांगितले. सर म्हणाले, "म्हंजे आलती. मला वाटलं, कुणीच आलं न्हाई." आणि त्यांनी चष्मा काढला.

७. तरी पुढील दुरुस्ती प्रसिद्ध करण्यास परवानगी मिळावी : 'प्रा. कोळेकर यांचा सत्कार झालेला नाही. ते बंद सभागृहाच्या पायरीवर दोन तास बसून परत गेले, असे त्यांच्या पत्नी सांगतात. त्यांना कळवण्यात वृत्तलेखकाने कसूर केली. विद्यार्थ्यांचे प्रेम पाहून सरांचे डोळे पाणावले हे खरे आहे, मात्र ते दि. १६ फेब्रुवारी रोजी, दुपारी सव्वाचारला, पलूस येथे.'

८. नोटिशीचे उत्तर म्हणून हाच अर्ज धरावा. खोटी बातमी अर्जदारानेच लिहिली, त्याबद्दल जी कारवाई व्हायची ती व्हावी. फक्त दुरुस्ती अडवू नये. पायरीवरचे दोन तास कोणी पाहिले नाहीत, त्यासाठी सरांनी जपून ठेवलेली तिकिटे "पुरावा लागंल तुला" म्हणून स्वतः दिली आहेत. उरले ते डोळे पाणावल्याचे एक वाक्य. सतरा वर्षांत पहिल्यांदाच ते लिहिणाऱ्याने हजर राहून पाहिले आहे.

मी पाहिले.

आपल्याच विद्यापीठातला, नम्र,
तौसीफ रहिमान शिकलगार
सातारा, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) बातमीचे कात्रण, लाल शेऱ्यासह.
२) दि. २ फेब्रुवारीची एसटीची दोन तिकिटे : पलूसहून साताऱ्याला येण्याचे आणि परत जाण्याचे.