जिवंत बूच

सोमवार, २ तारीख

आले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा ट्रंक, पंपाची पिशवी आणि मी, तिघीही सारख्याच धुळीने माखलेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, यातली नोकरीवर आलेली कोण? मी म्हटलं, जी बोलते ती. गडी खो खो हसला. चला, पहिल्याच दिवशी एक माणूस जोडलं.

सदुसष्टाव्या वर्षी नोकरी! चाळीस वर्षं सायकलींची पंक्चरं काढली, आता जमिनीची काढायची. इथल्या संशोधक बाई एकदा माझ्या दुकानात आल्या होत्या. त्यांच्या सायकलची ट्यूब पाण्यात धरली तरी बुडबुडा दिसेना. मी ती गालाजवळ फिरवली आणि भोकावर बोट ठेवलं. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, मावशी, माझ्या यंत्रांना एवढं कळत नाही, येता का माझ्याकडे?

शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं सगळं शिक्षण रद्दीच्या कागदांवर. म्हणून नातीने ही वही दिली आणि बजावलं, आजी, रोज लिही, मला सगळं वाचायचंय. लिहिते गं बाई.

मंगळवार, ३ तारीख

माझी खोली छोटी पण उजेडाची. एक खाट, एक टेबल, पितळी नळाची मोरी. शेजारी बाईंची खोली, पलीकडे प्रयोगशाळा, आणि अंगण ओलांडलं की पिंपांची पत्र्याची शेड. मागे माळ. माळावर लोखंडी झाकणं, दूरवर पसरलेली. ती जुन्या वायूच्या विहिरींची.

कंपनीने जमिनीला भोकं पाडली, तेल उपसलं, वायू उपसला, वर सिमेंट थापलं आणि पाय काढला. सिमेंटला भेगा गेल्या. आता तिथून वायू झिरपतो आणि भोवतालचं गवत करपतं. आमच्या गावात अशा चाळीस विहिरी आहेत. त्यातली एक नातीच्या शाळेमागे. पोरगी तीन वर्षं खोकतेय. म्हणून मी आले. पंक्चरांचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

बाईंचं औषध साधं आहे. दुधासारखं पाणी, त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. पिंपांत साखरपाण्यावर जगतात, भेगेत वायूवर. वायू झिरपतो तिथे गोळा होतात आणि अंगाभोवती चुना धरतात, शिंपल्यासारखा. भेग बुजली की वायू थांबतो आणि तेही उपाशी मरतात. ना विषारी चिखल, ना पुन्हा खोदकाम. बाई त्याचं लांबलचक नाव घेतात. मी म्हणते बूच.

गुरुवार, ५ तारीख

काम हाताला बसलं. भेगा पाडलेल्या साठ नळ्या आहेत. सगळ्यांत बूच भरायचं, खालून सिलिंडरचा वायू सोडायचा आणि रोज टबात बुडवून बुडबुडे मोजायचे. चार-पाच दिवसांत एकेक नळी बुजते. शेवटची खात्री माझ्या गालाने. पहारेकरी दाराशी उभा राहून विचारतो, मावशी, मडगार्ड लावायचं की नुसतंच पंक्चर? मी म्हणते, तुझ्या तोंडाला लावते आधी.

बाई जेवायच्या विसरतात. दोन घास बळेच खायला लावते. माझ्या लेकीच्या वयाच्या.

सोमवार, ९ तारीख

बाई तीन दिवसांसाठी मुख्य कचेरीत गेल्यात. इकडे सिलिंडर संपला, नवा आलाच नाही. दहा नळ्या नुकत्याच भरलेल्या. वायू नाही मिळाला तर बूच मरणार, बाईंची मेहनत पाण्यात. मग डोकं चालवलं. रबरी नळी जोडली आणि तोंडाने फुंकर घातली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, दहाही नळ्यांत. फुप्फुसं अजून शाबूत आहेत म्हणायची.

गुरुवार, १२ तारीख

बाई परतल्या. त्या दहा नळ्या बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवस लागतात तिथे एका रात्रीत बुजल्या होत्या, काचेसारख्या गुळगुळीत. बाईंनी त्यातलंच चिमूटभर घेतलं, विरजणासारखं, आणि बाराही पिंपांत घातलं.

फुंकरीचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी राहू दिलं. एवढ्या आनंदात मीठ कशाला कालवा. झाकली मूठ.

मुख्य कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. तेवीस तारखेला ट्रक येणार, बारा पिंपं आमच्या गावी नेणार. पहिली विहीर शाळेमागची. रात्री सुखाने झोपले.

सोमवार, १६ तारीख

एक गंमत लिहायची. माझ्या खोलीच्या कुलपात किल्ली जाईना. बघते तर भोक पांढऱ्या चुन्याने भरलेलं. पहारेकऱ्याची चेष्टा समजून त्याला झाडलं. तो शपथा घ्यायला लागला. म्हणाला, माझीही शिट्टी वाजत नाही. खिशातून काढून दाखवली. तोंडात धरायची बाजू बुजलेली. दुसरी बाजू मोकळी.

कुलूप बाईंनी पातळ आम्लाने सोडवलं. फेस आला आणि चुना विरघळला. म्हणाल्या, पिंप भरताना सांडलं असेल, वाळून उडालं असेल.

कुलपापाशी मी रोज वाकते. चष्म्याशिवाय भोक दिसत नाही म्हणून अगदी तोंड लावून. एवढंच.

बुधवार, १८ तारीख

आज चहाच्या कपाला चुन्याची कड धरली. धुतला तरी निघेना. ज्या बाजूने पिते तिथेच. टेलिफोनच्या रिसीव्हरवर बोलायची भोकं आहेत ना, त्यातली निम्मी बुजलेली. ऐकायची सगळी उघडी.

शिट्टी, कुलूप, कप, फोन. मला पंक्चर शोधायची सवय. हवा कुठून येते हे आधी बघायचं.

हवा आमच्या तोंडातून येते.

गुरुवार, १९ तारीख

पहारेकरी गेला. दुपारी जेवून खुर्चीत डुलकी घेत होता, रोजच्यासारखा. मी पाणी द्यायला गेले. नाक आणि तोंड यांच्या जागी अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत, पांढरं, स्वच्छ. डोळे उघडे. हात खुर्चीच्या दांडीला इतके घट्ट की सोडवताना बाई रडल्या. त्याच्या दोन लेकींचं लग्न व्हायचंय, परवाच सांगत होता.

रुग्णवाहिका आली, घेऊन गेली. मी बाईंना सगळं सांगितलं. फुंकर, दहा नळ्या, सगळं. मला वाटलं थोबाडीत देतील.  पण त्या म्हणाल्या, मावशी, तुम्ही फुंकलंत, पण विचारलं मीही नाही. एवढं पटकन कसं बुजलं हे विचारायला हवं होतं. चूक दोघींची.

बाराही पिंपांत तेच विरजण. त्याला आता वायू नकोच. त्याला उबदार, ओलसर श्वास कळतो. आणि ते जाणार कुठे, तर शाळेमागे. सव्वातीनशे पोरं.

शुक्रवार, २० तारीख

साहेबांना फोन लावला. बाईंचा आवाज बसलाय, म्हणून मीच बोलले. साहेब म्हणाले, पहारेकऱ्याचं हृदय बंद पडलं, धुळीचं काय घेऊन बसलात. भोकं बुजतात हीच तर कमाल आहे. ट्रक सोमवारी नऊला येणार म्हणजे येणार. आणि म्हणाले, आता पंक्चरवालीने आम्हाला शास्त्र शिकवायचं का?

मी म्हटलं, साहेब, भोक कुठलं आणि तोंड कुठलं हे ओळखायला शास्त्र लागत नाही.

त्यांनी फोन ठेवला. मी रिसीव्हर खाली घेतला तर उरलेली भोकंही बुजलेली. माझ्या एवढ्याशा बोलण्यात.

शनिवार, २१ तारीख

सकाळी बाई दारात कोसळल्या. एक नाकपुडी बंद, ओठांचे कोपरे शिवल्यासारखे. कापसावर आम्ल घेऊन सोडवलं. कातडी भाजली, पण श्वास आला. दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं. कंडक्टरला सांगितलं, सगळ्या खिडक्या उघड्या ठेव आणि हिला झोपू देऊ नकोस. बाई मला ओढत होत्या, चला म्हणून. मी हात सोडवून घेतला. बस उशिरा पोचणार, उद्या रविवार, कचेरी बंद, आणि सोमवारी ट्रक.

त्यांनी माझ्या हातावर लिहून दिलं. दर पिंपाला एक कॅन आम्ल. कॅन बारा होते. एक बाईंसाठी जवळजवळ संपला. वाईट वाटत नाही.

मी पळून जावं असं त्या बुचाला वाटत असेल तर वाटू दे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आणि हा काळ तर मीच फुंकर घालून वाढवलाय. माझं पोर बिघडलं तर कान मीच पिळणार.

रविवार, २२ तारीख, सकाळ

तोंडावर ओलं फडकं. तासातासाला बदलते. काढलेलं फडकं वाळून पाटीसारखं कडक होतं, त्यावर माझ्या ओठांचा ठसा.

शेडचं कुलूप बुजलेलं. छिन्नी आणि हातोडा. दोन तास. उघडलं.

आत भिंती पांढऱ्या. गुळगुळीत. मधमाशीच्या पोळ्यासारखं काहीतरी आढ्यापर्यंत चढलंय, आणि मी आत पाऊल टाकल्यावर ते— नाही, हललं नाही. वळलं म्हणू का? सूर्यफूल वळतं तसं.

मी म्हटलं, बघ, नीट बघ. ओळखलंस ना?

रविवार, दुपार

पाच पिंपं झाली. फेस येतो, पिंप शहारतं, मग शांत. कॅन जड. पाठ मोडली. पण एकदा ट्रॅक्टरचं टायरही मी एकटीने काढलेलं आहे.

मागे दार होतं. आता नाही. फट सरळ भिंतीत मिळालीय. माझा श्वास तिथूनच बाहेर जात होता.

खिडकी वर, हात पोचत नाही. बघू. आधी पिंपं.

रविवार, संध्याकाळ

नऊ. फडकी संपली. पदर बांधलाय.

डावी नाकपुडी गेली. दुखत नाही. हेच वाईट. मायेने कोणी बोट ठेवावं तसं वाटतं. गार. डोळे मिटावेसे वाटतात.

मिटणार नाही.

बाई, हे वाचाल तर काम सोडू नका. तुमचं औषध खोटं नाही. जमीन गळतेय ती बुजवायलाच हवी. पुन्हा करा, पहिल्यापासून, आणि प्रत्येकाला विचारा, कोणी काय केलं ते. लपवलेलं एक भोक—

सोमवार

उजेड आला. दहा झाली. अकरावं— ओतलं.  थोडं अंगावर.

तोंड आता उघडत नाही. जीभ आतून लावून पाहिली. शिंपल्यासारखं.

उजव्या नाकपुडीने चाललंय. शीळ वाजते. ते ऐकतंय.

ट्रक. फाटकाशी हॉर्न. तीनदा. माणसं बोलतायत, मावशी आहेत का आत, असं कुणीतरी. भिंत ठोकली मी. त्यांनीही ठोकली. कुदळ आणतायत.

एक पिंप राहिलंय. बाईंसाठी फोडलेला कॅन तेवढा आहे. तळाशी वाटीभर.

नाकाला लावलं तर कुदळ येईपर्यंत तग धरीन. पिंपाला घातलं तर—

एवढ्याने पिंप मरेल का? बाईंनी पूर्ण कॅन लिहिला होता. पण वरची साय तरी— विरजण सायीतच असतं. चमचाभर उरलं तरी शाळेमागे—

विचार कसला करतेस, म्हातारे.

झाकण उघडलं. सगळं माझ्याकडे वळलंय. भिंती, आढं. ये. सगळं ये इकडे, पिंपात, माझ्या श्वासामागे. वाकते आहे. तोंड पिंपावर. आलं— येतंय— भिंतीवरून उतरतंय, दुधासारखं— सगळं आत—

आता ओत