वाकड्या मानेची सुरई

स्मोलंड, ऑक्टोबर १९६१

ती. गुन्वोरताईस,

तोरवाल्डचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? हे पाकीट आधीच फोडलेलं वाटलं तर लगेच कळव. इथल्या पोस्टातला माणूस आमच्या कारखान्यातल्या अल्गोटचा, म्हणजे काच फुंकणाऱ्या मुख्य कारागिराचा, मेहुणा आहे.

झालंय असं, की मी आखलेल्या निळ्या सुरईला यंदा तीस वर्षं झाली म्हणून शहरातलं संग्रहालय प्रदर्शन भरवतंय. तिची ती एका बाजूला कललेली मान हीच माझी सारी कारकीर्द. बाकी पेले, बशा, मिठाच्या बरण्या मी ढीगभर आखल्या (तूसुद्धा एकही विकत घेतली नाहीस, माझ्या लक्षात आहे). आणि नेमकं याच महिन्यात मी भट्टीपाशी गेलो की सगळे गप्प! अल्गोट तर घाईघाईनं कशावर तरी कोट टाकतो. म्हातारा संग्रहालयाच्या बाईंना काहीतरी दाखवणार, अशी माझी खात्रीच झाली.

म्हणून परवा दुपारच्या सुट्टीत मुद्दाम खाली उतरलो. भट्टीच्या धगीवर त्यांचे हेरिंग मासे भाजत होते. मीही बटाटा सोलत बसलो. "काय साहेब, आज खाली? वरचे कागद संपले वाटतं!" अल्गोट म्हणाला. सगळे हसले (जरा जास्तच हसले). तो मासे उलटायला वळला, तसा मी कोट उचलला. खाली माझीच सुरई, पण मान सरळ!

अल्गोट खजील झाला. "तुमच्या पहिल्या नकाशात मान सरळच होती ना, साहेब? मी असाच मासे उलटायला वळलो, फुंकणी कलली आणि मान वाकडी झाली. तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत, उलट नकाशाच बदललात. तीस वर्षं मनाला लागून राहिलंय. म्हटलं, प्रदर्शनात तरी तुमची खरी सुरई जाऊ दे."

ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सरळ मानेच्या सुरईत पाणी भरून ओतून पाहिलं, तर सगळं माझ्या बुटावर; वाकडीतून कधी थेंब सांडला नव्हता.

तुझा,
तोरवाल्ड

ता. क. खरं काम राहिलंच. तुझ्या खिडकीतली सुरई ही ती पहिलीच. आनंदाच्या भरात मी तिच्या बुडाला 'मान अल्गोटची' असं कोरलं होतं. तेवढं घासून टाक.

ता. क. २. घासू नकोस. पेंढ्यात गुंडाळून तशीच पाठव. प्रदर्शनात ती उलटी ठेवायला सांगणार आहे. पोस्टानं मात्र नको, बसच्या ड्रायव्हरकडे दे. मेहुण्यानं वाचण्याआधी अल्गोटला ते मलाच सांगायचंय.