मोरावळा आणि लाल उजेड

डिंडोली, सुरत
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. रुक्मिणीआक्कास छगनचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आधी आनंदाची बातमी. माझ्या गालातला डाग गेला! परवाच्या तपासणीत कॅन्सरचं नाव नाही. आणि हा उजेडाचा उपचार सुचवला कोणी? आपल्या पल्लवीने. इस्पितळाच्या त्याच विभागात संशोधन करते ती. मोठे डॉक्टर म्हणाले, "छगनभाई, दीकरी बहु होशियार छे." लेकीचं कौतुक ऐकून मी छाती फुगवून वॉर्डभर फिरलो.

तिनेच समजावलं होतं, "आबा, औषध म्हणजे रंगच. वाईट पेशींत जास्त मुरतो. वर लाल उजेड पडला की आतला ऑक्सिजन खवळतो आणि पेशीला जाळतो." सचिन गावातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सव्वीस वर्षं काढलेला माणूस मी, लगेच मान डोलावली.

पण पहिल्या खेपेला डाग हललाच नाही. आपलंच काही चुकलं म्हणून पोरीने महिनाभर कागद उलटेपालटे केले. जेवण सुटलं तिचं. मग माझ्या उशाशी तुझ्या मोरावळ्याची बरणी सापडली. "आबा, हाई काय खादं तुम्ही?" आवळा पेशीला जळूच देत नाही म्हणे, मग ती वाईट का असेना. रंगाच्या टाकीत हायड्रोसची पूड टाकली की रंग मरतो, तसंच. त्यानेच बिघडलं असं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. पण दुसऱ्या खेपेला मोरावळा बंद होता.

असलं काही खायचं नाही, हे तिने तीनदा बजावलं होतं. मी घाबरलो आणि म्हणालो, "आत्याच म्हणाली, खा, काही होत नाही." म्हणून ती तुला फोनवर तसं टाकून बोलली.

आक्का, तू बरणी देताना म्हणाली होतीस, "डॉक्टरले इचारीसन खाय, भाऊ." मी विचारलं नाही. खरं सांगू? एवढी मान डोलावली, पण पोरीच्या उजेडावर माझा पुरता भरवसा नव्हता. तुझ्या आवळ्यावर होता.

हे तिला अजून माहीत नाही. सांगायला तोंड उघडतो आणि चहा मागतो. तिच्या मनातून उतरायची फार भीती वाटते गं.

म्हणून हे पाकीट चिकटवत नाही. तिच्याच हातात देतो, वाचून पोस्टात टाक म्हणून.

तुझ्यावर खोटा आळ घालणारा, आणि तरी त्या पोरीचा बाप म्हणून मिरवणारा,
छगन