रविवारच्या आत वायपर

१२ सप्टेंबर, शुक्रवार
मेहुण्याचा, अभयचा फोन. सरिताला जाऊन २१ तारखेला वर्ष होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कन्नडला, तिच्या माहेरी. वंदना झाली की मी तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. "दाजी, तुम्हीच बोलायला पाहिजे," म्हणाला. हो म्हटलं. विषय माहितीचा आहे. बत्तीस वर्षांचा.
सासऱ्यांची जुनी पिकअप घेऊनच जाणार. सात वर्षं अंगणात उभी आहे. लोक भंगार म्हणतात, पण क्लासिक आहे. इंजिन मी दर रविवारी चालू करतो. फक्त वायपर आणि काचेवर पाणी मारणारा वॉशर बंद. पावसाळ्यात तसं निघणं बेजबाबदारपणाचं. एका दिवसाचं काम.

१३ सप्टेंबर
वायपरचा दांडा खोलून साफ केला. मग मोटर चालू केली. गुरगुरते, पण ब्लेड हलत नाहीत. म्हणजे मोटर चांगली आहे. अर्धं काम झालं. भाषण उद्या.

१४ सप्टेंबर, सकाळी १०
वॉशरची नळी कडक होऊन तुटली. घरात सलाइनची एक नळी होती, न उघडलेली. नर्सने आणली होती, लागली नाही. बरोबर बसली. पाणी कमी-जास्त करायचं चाकही आहे. गाडी बनवणाऱ्यांनाही हे सुचलं नसतं.
भाषण राहिलं. हाताला ग्रीस होतं.

१५ सप्टेंबर
वॉशरची चाचणी यशस्वी. प्रेशर उत्तम. पाणी टपावरून पलीकडे गेलं आणि शेजारच्या मनकर्णाबाईंनी वाळत घातलेल्या गोधडीवर पडलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, नळाला पाणी आठ दिवसानं येतं, अन् तुम्ही काचेला आंघोळ घालता व्हय?" मग गोधडी पिळत, "जेवलात का?" जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

१७ सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी. शकूर मिस्त्रीला घरी बोलावलं, फक्त दुसरं मत म्हणून. त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं. शनिवारी खोललेला दांडा मी परत जोडलाच नाही, असं त्याचं म्हणणं. "अंकल, मोटर बिचारी अकेली घूम रही. उसकू कोई जुड़ेला नहीं." मुद्दाम सुटा ठेवलाय, निरीक्षणासाठी, असं सांगितलं. "हौ, निरीक्षण हो गया? जोडूं?" मीच जोडीन म्हटलं. नाहीतर काम त्याचं झालं असतं.

१८ सप्टेंबर
दांडा जोडला. ब्लेड हलतात, पण काचेवर नाही, बॉनेटवर. दिशेचा किरकोळ प्रश्न.
मेघाचा पुण्याहून फोन. ती परस्पर कन्नडला येणार. "बाबा, भाषण लिहिलं का?" मुद्दे तयार आहेत म्हटलं. "मग एसटीनं या ना. गाडीचं काय एवढं?" दौलताबादच्या घाटात पाऊस लागला तर काय, हे पोरींना कळत नाही.

२० सप्टेंबर, दुपारी ४
झालं! दोन्ही ब्लेड, दोन्ही स्पीड, काचेवर. तासभर गाडीत बसून पाहत होतो.
भाषण उद्या वाटेत सुचेल. स्टिअरिंग हातात असलं की माझं डोकं चालतं.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी ७
कडक ऊन. वाटेत थेंबही नाही. तरी वायपर कन्नडपर्यंत चालू ठेवला. कोरड्या काचेवर फार ओरडतो. त्या आवाजात काही सुचलं नाही.
वंदना झाली. अभयने माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. ही गाडी तिच्या वडिलांची, अशी सुरुवात केली. मग वायपरवर आलो. मोटर, दांडा, प्रेशर. भंतेजी शांतपणे ऐकत होते. वीसेक मिनिटं झाली असतील. सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्यांनी शेजारणीला मोठ्यांदा विचारलं, "जावई काय सांगायलेत?"
"गाडीचं सांगायलेत."
"अन् सरीचं कवा सांगणार?"
मी जयभीम करून बसलो.
जेवताना मेघा माझ्या शेजारी होती. तिने मला भाजी वाढली.
बोलायचं राहिलं ते आता लिहून काढतो, म्हणजे पुढच्या वर्षी तयार असेल.

सरिता माझी पत्नी होती.

अर्धा तास झाला. एवढंच झालंय.