कापलेली फळं

बदलापूर,
२४ एप्रिल १९८९

ति. कौसाअक्का हीस,
वेणूचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दाजींचा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. आता त्यांना उगाच स्टेशनपर्यंत चालत पाठवू नकोस, भाजी तू आण. आमच्याकडे सगळं ठीक आहे. यांची एमआयडीसीतली रात्रपाळी संपली, त्यामुळे दिवसा घरात कुजबुजत वावरायची माझी शिक्षाही संपली. पाणी मात्र अजून दुपारी भलत्याच वेळी येतं.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. बुद्धपौर्णिमा जवळ आली. गेल्या वर्षी काय झालं ते तुला सांगितलंच होतं. नव्या घरातली पहिली पौर्णिमा म्हणून मी इमारतीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं, खीर-पुरी केली. बायका आल्या, नटूनथटून आल्या, घर छान आहे म्हणाल्या आणि खीर पुढे केली तशी एकजात सगळ्यांना पौर्णिमेचा उपवास निघाला. हॉलमधले फोटो पाहिले की आपण कोण हे कुणालाही कळतं, ते काही मी लपवत नाही. पण उपवासवाल्यांपैकी एकीच्या घरातून संध्याकाळी वडे तळल्याचा वास जिन्यात पसरला होता. ती खीर आम्ही दोन दिवस खाल्ली. यांना अजून खीर नको वाटते.

यंदा मी डोकं चालवलं आहे. फळं ठेवणार. फळं उपवासाला चालतात, तेव्हा ती सबब कुणाला सांगता यायची नाही. तुमच्या उल्हासनगरात सिंध्यांच्या लग्नात फळांच्या थाळ्या सजवतात, त्या तू पुष्कळ पाहिल्या आहेस. कशी मांडतात, काय आधी कापतात, सगळं सविस्तर लिही.

मला त्यांच्याशी सोयरीक जुळवायची नाही. एकाच जिन्याने चढतो-उतरतो, माझ्या हातचं त्यांनी एकदा खावं, एवढंच मला हवं आहे.

दाजींना जय भीम सांग. तुझी माया आहे, तिच्यावरच माझं चाललंय.

तुझी,
वेणू

---

उल्हासनगर,
२ मे १९८९

चि. सौ. वेणू हीस,
कौसाकडून अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

भाजी मीच आणते, तुझ्या हुकुमाची वाट पाहत नव्हते. दाजी तुझी बाजू घेतात आणि दिवसभर खुर्चीत बसून मला कामं सांगतात.

थाळीचं शेजारच्या लाजवंतीभाभीला विचारलं. त्यांच्याकडे गेल्याच महिन्यात लग्न झालं, त्यामुळे तिला बोलायला विषयच मिळाला. ती म्हणते, कलिंगड आणि खरबूज वेगळ्या परातीत मांडायचं. त्यांना पाणी सुटतं आणि शेजारची पपई गिळगिळीत होते. लालाशेजारी लाल ठेवायचं नाही, मध्ये पिवळं किंवा हिरवं हवं. केळं कापायचं नाही, काळं पडतं. आंबा सगळ्यात शेवटी, माणसं दारात आल्यावर. मीठ-मिरपूड वाटीत वेगळी, वरून भुरभुरवलीस तर फळं रडायला लागतात. बर्फ घ्यायचा तर परातीच्या खाली, फळांवर नाही. हे झालं तिचं. माझं म्हणशील तर तुमच्याकडे डोंगरातल्या बायका करवंदं-जांभळं घेऊन येतात, ती मधोमध ओत. ती काही सिंध्यांच्या लग्नात नसतात, आणि त्यांच्यापुढे सफरचंद फिकं पडतं.

आता माझं ऐक. यातलं काहीएक करू नकोस. केळी आणि मोसंबी आण, धू, टोपलीत अख्खी ठेव. आई कुणी वरचं माणूस दारी आलं की हेच करायची. अख्ख्या फळाला साल असते, आत कुणाचा हात लागलेला नसतो. खायचं त्याने सोलून खावं, नाही त्याने पिशवीत घालून न्यावं. त्यांचंही राहतं, आपलंही राहतं. एकदा कापलंस की ते फळ तुझ्या हातचं झालं. मग त्यांनी तोंड फिरवलं की तू मला रडकं पत्र लिहिशील, आणि मी तिकडे येऊन त्यांच्याशी भांडू शकत नाही, गुडघेवाला घरात आहे.

सुदामरावांना आशीर्वाद. आठवण ठेवतेस तशी ठेव.

तुझी,
कौसाअक्का

---

बदलापूर,
२२ मे १९८९

ति. अक्का हीस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं ऐकलं नाही आणि बरं केलं. परवाच्या पौर्णिमेला परातीत एक फोड उरली नाही.

सकाळी वंदना झाली. यांनी अंबरनाथहून कलिंगडं आणली, पपई आणि पायरी आंबे इथेच मिळाले, करवंदं दारावर आली. मी विळी मांडून बसते तोच तळमजल्यावरच्या राजाबाई आल्या. त्यांच्याविषयी तुला लिहिलंच होतं. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना खाली घर दिलं. सगळ्या इमारतीत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी पदर खोचला, विळी माझ्याकडून ओढून घेतली आणि मला न्हाणीघरात पिटाळलं. सणाच्या दिवशी घरच्या बाईने घामेजलेलं दिसू नये म्हणाल्या. मी नवी पांढरी साडी नेसून येते तो सगळी फळं कापून तयार. मांडणी मात्र मी केली, अगदी लाजवंतीभाभी म्हणाली तशी.

बायका आल्या. राजाबाई दाराशीच बसल्या होत्या. येणारीला सांगत होत्या, सगळं मी माझ्या हाताने कापलंय, बिनधास्त खा. मला हसू आलं, मिरवायची हौस बघ. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनी, ज्यांनी गेल्या वर्षी पाणीही घेतलं नव्हतं, त्यांनी दोनदा आंबा घेतला. मी आत येऊन डोळे पुसले, खरं सांगते. हे मला चिडवतात की कलिंगड खाल्लं लोकांनी आणि पोट भरलं माझं.

तेव्हा आता तू तुझी मोसंबी खा. रागावू नकोस, आणि पत्र लवकर लिही.

तुझी,
वेणू

---

उल्हासनगर,
३० मे १९८९

चि. सौ. वेणू हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. मग दुसऱ्यांदा वाचलं. दोन दिवस लिहू की नको करत होते. तुझ्या आनंदात मिठाचा खडा टाकायचं माझ्या मनात नाही, पण इतर कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

राजाबाई दाराशी बसून जे सांगत होत्या ते मिरवणं नव्हतं, वेणू. तुझ्या घरात बसून त्या बायकांनी राजाबाईंच्या हातचं खाल्लं. मी चुकत असेन तर मला फार बरं वाटेल. तूच विचार करून बघ.

इथे उकाडा मरणाचा आहे. तब्येतीला जप.

तुझी,
अक्का

---

बदलापूर,
८ जून १९८९

ति. अक्का हीस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझ्या पत्राचा आधी राग आला. यांना म्हटलं, अक्काला कुणाचं चांगलं बघवत नाही. मग गच्चीवर राजाबाई कुरडया वाळत घालत होत्या, तिथे त्यांना सरळ विचारलं.

त्यांनी एका शब्दाने लपवलं नाही. म्हणाल्या, मी नसती कापली तर कुणी हात लावला नसता, तुझे पैसे पाण्यात गेले असते, गेल्या वर्षी ती खीर तशीच राहिलेली पाहून मला वाईट वाटलं होतं. तेव्हा मला आठवलं, त्या दिवशी त्यांनीही एक फोड तोंडात घातली नव्हती. तुम्ही स्वतः का नाही खाल्लं विचारलं, तर म्हणाल्या की त्यांना इथे भावकीत राहायचं आहे. हे सगळं त्यांनी कुरडया उलटत उलटत सांगितलं, जसं काही मी आभारच मानायला आले होते. अक्का, ही वाईट बाई नाही. मला ताप होता तेव्हा रिक्षा आणायला हीच धावली होती. म्हणून तर भांडताही येत नाही.

त्या रात्री जेवण गेलं नाही. रिकाम्या पराती घासताना मी गाणं म्हणत होते ते आठवून लाज वाटली. तू खरं लिहिलंस, चुकलीस असं वाटून घेऊ नकोस. पण पुढच्या वर्षी मी टोपलीत मोसंबी ठेवणार नाही, एवढं मात्र सांगून ठेवते.

लोभ आहेच, तो रागाने कमी झालेला नाही.

तुझी,
वेणू

---

बदलापूर,
१२ मे १९९०

ति. कौसाअक्का हीस,
वेणूचा सविनय जय भीम. वि. वि.

वर्षभर आपण दोघींनी हा विषय काढला नाही. तू काढला नाहीस याबद्दल तुझे उपकार. आता मीच काढते.

यंदाच्या पौर्णिमेलाही सगळ्यांना बोलावलं. राजाबाई गेल्या वर्षीप्रमाणे आधीच आल्या, पदर खोचूनच. मी त्यांना म्हटलं की यंदा तुम्ही पाहुण्या, खुर्चीत बसा. त्या समजल्या. खोचलेला पदर सोडला आणि बसल्या. सगळ्या आल्यावर मी हॉलच्या मधोमध वर्तमानपत्र अंथरलं, विळी मांडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कलिंगड कापायला घेतलं. तुला वाटेल मी मोठी धीट झाले. तसं काही नाही, सगळ्यांच्या नजरा विळीवर होत्या आणि माझ्या फोडी वेड्यावाकड्या झाल्या, लाजवंतीभाभीने पाहिल्या असत्या तर नाव ठेवलं असतं.

थाळ्या फिरवल्या. उपवास कुणी सांगितला नाही. दोघी-तिघींना एकदम लग्नाला जायचं आठवलं. बँकवाल्या वहिनींनी एक फोड उचलली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग त्यांची मुलगी येऊन आंब्यावर तुटून पडली, तेव्हा त्यांनीही ती तोंडात टाकली. काहींनी खाल्लं, काहींनी थाळी खुर्चीखाली सरकवली. निम्मं उरलं.

राजाबाईंची थाळी मांडीवर होती तशीच राहिली. सगळ्या गेल्यावर मी आत गेले, तर त्या मोरीजवळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि भराभर आंबा खात होत्या. मला पाहून दचकल्या. म्हणाल्या, बाहेर कुणाला सांगू नकोस.

अक्का, मी त्यांच्या हातातली थाळी काढून घेतली. खात्या माणसाच्या हातातलं मी कधी काढून घेतलेलं नाही, आयुष्यात ही पहिली वेळ. त्यांना म्हटलं, हवं तेवढं खा, आणखी कापून देते, पण बाहेर खुर्चीत बसून. आपल्या आईने लोकांच्या मागच्या दारी उभं राहून खाल्लं, तेवढं पुरे झालं. माझ्या घरात कुणी असं उभ्याने लपून खायचं नाही, त्यांनी तर नाहीच. त्या ओठ पुसत निघून गेल्या. जाताना डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कसलं ते मला कळलं नाही. उरलेली फळं आम्ही दोघांनी रात्री खाल्ली. कलिंगड गोड निघालं. हे म्हणाले, बाईला फार लागेल असं बोललीस. मला तसं वाटलं नाही, आणि मग वाटलंही.

दोन दिवस त्या जिन्यातही दिसल्या नाहीत. माझं कामात लक्ष नव्हतं. इमारतीत माझ्याशी मनापासून बोलणारं एकच माणूस होतं, तेही घालवलं म्हणून स्वतःलाच बोल लावत होते.

आज दुपारी दार उघडंच होतं. राजाबाई आल्या, हॉलमधल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, आण काय कापून द्यायचंय ते. घरात एक फळ नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या उठल्या नाहीत. मग मी आमच्यासाठी केलेली भाकरी आणि सुकटीची चटणी ताटात वाढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ताटाकडे पाहिलं. तेवढ्यात बँकवाल्या वहिनी जिन्याने वर निघाल्या होत्या, त्या दाराशी थबकल्या. राजाबाईंनी त्यांच्याकडे पाहून भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सबंध भाकरी संपवली. हात धुतला, पाणी मागून प्यायल्या.

जाताना दारात उभं राहून जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की वेणू, सुकटीत मीठ फार झालंय, हात आवरत जा.

खरंच जास्त झालं होतं. पण अक्का, इथे राहायला आल्यापासून माझ्या हातच्या जेवणाला आज पहिल्यांदा कुणीतरी नाव ठेवलं. मला किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू.

दाजींना जय भीम. तुझी माया अशीच राहू दे, आणि या पत्राला उत्तर म्हणून तूच ये.

तुझी,
वेणू