यादीतलं खोडलेलं नाव

रिहे, ३ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहलला आप्पाचे पोटभर आशीर्वाद.

फोन लावला की वाजून वाजून बंद होतो, म्हणून कागद घेतला. इकडं भात कापून झालं, झोडणी चाललीय. तुझी आई ठणठणीत हाय. तेल गुडघ्याला चोळते आणि शिव्या मला देते.

शनिवारचा अंक तुला मिळाला असेलच. तुझ्या नेऱ्याच्या शाळेच्या पोरींनी तालुक्याची कबड्डी जिंकली, ती बातमी मी पहिल्या पानावर घेतली. सातही पोरींची नावं दिली, शिकवणाऱ्या बाईंचं, म्हणजे तुझं, दिलं न्हाई. संपादकाच्या घरचं नाव छापायचं न्हाई, हा नियम कॉलेजातली कोचगिरी सोडून साप्ताहिक हातात घेतलं त्याच दिवशी मी केला. आईला बातमी वाचून दाखवली, तर म्हणाली, "या पोरींना कुणी शिकवलंच न्हाई व्हय?" मी ताटावरून उठलो.

मारुंजीहून रिह्याला यायला तासभर लागत न्हाई, आणि तू दिवाळीलाही फिरकली न्हाईस. एक रविवार ये.

लोभ आटला असेल, तर उरलाय तेवढा तरी राहू दे.

तुझा आप्पा,
हैबतराव


मारुंजी, ८ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला भांडता येत नाही, रडूच येतं. म्हणून उचलत नाही.

अंक पाहिला. पोरींनी तो वर्गात चिकटवला आणि माझं नाव शोधून दमल्या. मला सवय आहे. बारा वर्षांपूर्वी कॉलेजच्या संघाची यादी तुम्ही फलकावर लावलीत, तीही मी अशीच दोनदा वाचली होती. माझ्यासारखी चढाई करणारी कुणी नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. पण लोक म्हणतील, सरांनी घरचीच पोरगी घुसवली, म्हणून यादीत माझंच नाव नव्हतं. माझं ते शेवटचं वर्ष होतं, आप्पा. नंतर मी खेळलेच नाही.

काल जिल्ह्यासाठी संघ निवडला. आपल्या चुलत राजूदादाची थोरली माझ्याच हाताखाली खेळते. तिचं नाव लिहिलं, आणि आत्यानं भाचीला घेतलं असं नको व्हायला म्हणून खोडलं. अगदी तुमच्यासारखं. मग ती मैदानात चुन्याच्या रेषा आखताना दिसली आणि मी नाव परत लिहिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. तुम्हालाही लिहिता आलं असतं. एवढंच मला बारा वर्षं म्हणायचं होतं.

आईला जपा. रागावले असले तरी तुमचीच,
स्नेहल


रिहे, १३ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहल, शतायुषी हो.

तुझं पत्र आईला निम्मं वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. पुढचं तिनं विचारलं न्हाई.

त्या यादीत तुझं नाव मी पहिलं लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी हसलं, तेवढ्यावर खोडलं. लोकांना मी ते तत्त्व म्हणून सांगत आलो. खरं तर भ्यालो होतो. संघ पहिल्याच फेरीत हरला, तर दोष पोरींना दिला. लई चुकलो, पोरी. दर आठवड्याला दुसऱ्यांच्या चुका छापतो, ही मात्र कुणाला सांगितली न्हाई.

शाळा सुटली की तू दप्तर पाठीवर टाकून कॉलेजच्या मैदानावर यायचीस. ती वेळ झाली की अजून हातातलं काम ठेवून दाराकडं बघतो. तुझ्यावाचून करमत न्हाई गं. सांगशील तर येत्या अंकात तुझं नाव ठळक छापतो.

वाट बघणारा,
आप्पा


मारुंजी, १८ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पा, नमस्कार.

नाव छापू नका, मला आता त्याचं काही वाटत नाही. हे खोटं लिहिलं, अजून वाटतं. पण आधी तुम्ही या.

शनिवारी नेऱ्यात जिल्ह्याचे सामने आहेत. अंक निघायचा दिवस आहे, माहीत आहे मला. एक दिवस गठ्ठे दुसरं कुणी वाटेल. आईला गाडीत पुढं बसवा आणि गाडी हळू चालवा. सामना झाल्यावर खोलीवर जेवायला चला; मीच रांधणार आहे, नावं ठेवायची नाहीत.

पोरी सारख्या विचारतात, बाई, तुम्हाला कुणी शिकवलं. आजवर मी टाळत आले. काल सांगितलं, माझे सर शनिवारी येणार आहेत.

तुमची,
स्नेहल